कुठलं कर्जत?

‘टूलचं वर्णन काय लिहीत बसायचं? मॉडेल हुशार आहे, नावावरून कळतं त्याला.’

एआय एजंट बांधणाऱ्या तरुण सहकाऱ्यांच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता त्याला उत्तर लिहिणं भाग आहे. असं म्हणणारी मुलं-मुली कामचुकार नाहीत. फंक्शनचं नाव काय ठेवावं यावर ती अर्धा अर्धा तास वाद घालतात, चाचण्या लिहितात, एकमेकांचं काम बारकाईनं तपासतात. वर्णनाचा रकाना आला की मात्र एक ओळ टाकून पुढे सरकतात. ‘हवामान देतं.’ ‘बाजारभाव देतं.’ ‘तक्रार बंद करतं.’ ही सवय घातक आहे, आणि तिची किंमत मोजणारा माणूस त्या खोलीत कधीच बसलेला नसतो.

ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भाषेचं मॉडेल स्वतः फक्त मजकूर तयार करतं. त्याला आजचा भाव ठाऊक नसतो, कुणाची तक्रार नोंदवता येत नाही. ही कामं त्याला करता यावीत म्हणून आपण छोटे छोटे प्रोग्राम लिहून त्याच्यापुढे ठेवतो. त्यांना टूल म्हणतात, आणि टूल वापरून कामं करणाऱ्या मॉडेलला एजंट. जून २०२३मध्ये ओपनएआयने ‘फंक्शन कॉलिंग’ आणलं आणि ही पद्धत झपाट्यानं पसरली. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, जाहीर केला आणि एकानं बांधलेलं टूल दुसऱ्याच्या एजंटला जोडणं सोपं झालं. या सगळ्यात मॉडेलला टूलबद्दल तीनच गोष्टी दिसतात: त्याचं नाव, त्याचं वर्णन, आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा. आतला कोड त्याला दिसत नाही, डेटाबेस दिसत नाही, टीमच्या बैठकीत काय ठरलं तेही नाही. तेवढ्या चिठ्ठीवरून त्यानं ठरवायचं असतं की हे टूल आत्ता वापरायचं का, त्यात काय भरायचं आणि जे परत आलं त्याचा अर्थ काय लावायचा.

आता ‘हवामान देतं’ ही चिठ्ठी घ्या. एक शेतकरी विचारतो, ‘कर्जतला उद्या पाऊस आहे का? फवारणी करायची आहे.’ टूलमध्ये ‘ठिकाण’ नावाचा एक रकाना आहे. एजंट त्यात ‘कर्जत’ लिहितो. महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. एक रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, भाताचा आणि धो धो पावसाचा. दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्वारीचा आणि दुष्काळाचा. टूलमागची हवामान सेवा तिला आधी सापडेल ते कर्जत परत देते, आणि एजंट नीटनेटक्या मराठीत सांगतो की उद्या जोरदार पाऊस आहे, फवारणी पुढे ढकला. कुठेही त्रुटीचा संदेश उमटत नाही. लॉगमध्ये हिरवी खूण पडते. खेड रत्नागिरीत आहे आणि पुण्यातही. मालेगाव नाशिकमध्ये आहे आणि वाशीममध्येही. आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात, कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये. ज्यानं टूल बांधलं त्याला हे माहीत होतं, कारण त्याच्याच डेटाबेसमध्ये प्रत्येक तालुक्याला वेगळा क्रमांक आहे. त्यानं ते सांगितलं नाही, इतकंच.

यावर उत्तर तयार असतं: चांगलं मॉडेल स्वतःहून विचारील ना, कुठलं कर्जत म्हणून. विचारतं कधी कधी, मीही पाहिलं आहे. पण ज्या दिवशी विचारतं त्या दिवशी ते आपल्या सामान्य ज्ञानावर विचारतं, तुमच्या टूलच्या जोरावर नाही. आणि ज्या दिवशी विचारत नाही त्या दिवशी तुम्हाला पत्ता लागत नाही. शिवाय दोन कर्जत आहेत हे निदान जगाला माहीत आहे. तुमच्या तक्त्यातल्या आकड्याचं एकक काय, हे जगात फक्त तुम्हालाच माहीत आहे. तिथे कितीही हुशारी कामाची नाही.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते आहे. शेतकऱ्यांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरं देणाऱ्या एका एजंटसाठी बाजारभावाचं टूल मी लिहिलं होतं. वर्णन होतं: ‘बाजार समितीतील शेतमालाचे दर देतं.’ परत येत होते तीन आकडे: किमान, कमाल, सर्वसाधारण. कांदा, टोमॅटो, सोयाबीन, तूर सगळं क्विंटलवर, त्यामुळे पहिल्या चाचण्या बिनचूक गेल्या. मग एका शेतकऱ्यानं विचारलं, ‘माझी चारशे जुडी कोथिंबीर आहे, आजच्या भावानं किती होतील?’ टूलनं सर्वसाधारण दर दिला: ९००. एजंटनं तो क्विंटलचा दर मानला, जुडी पाव किलोची धरली, चारशे जुड्यांचे शंभर किलो केले आणि सांगितलं: साधारण ९०० रुपये. पालेभाजीचा दर तिथे शेकड्यावर होता, शंभर जुड्यांना. ९०० रुपये शेकडा म्हणजे चारशे जुड्यांचे ३,६०० रुपये होतात. त्या गृहस्थांनी फोन केला. ‘अहो ताई, जुडी कधी किलोवर विकतात का?’ एवढंच ते म्हणाले. ९०० रुपयांत तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंही सुटलं नसतं, आणि तेवढ्या उत्तरावर भरवसा ठेवला असता तर उभं पीक त्यांनी शेतातच मोडलं असतं.

टीममध्ये पहिली प्रतिक्रिया होती, मॉडेल चुकलं. कुठे चुकलं? त्याच्यापुढे एककाशिवाय एक आकडा ठेवला होता. बाकी सगळ्या मालाचा अनुभव क्विंटलचा होता. पाव किलोची जुडी हा अंदाजही वेडगळ नव्हता. गुणाकार बरोबर होता. त्या जागी शहरात वाढलेला एखादा हुशार पदवीधर बसवला असता तर त्यानंही नेमकं हेच केलं असतं. फरक इतकाच की तो कदाचित शेजारच्या टेबलावर विचारायला गेला असता. एजंटला शेजारचं टेबल नसतं.

म्हणून ‘मॉडेल सुधारत चाललं आहे, वर्णनाची गरज कमी होत जाईल’ हा युक्तिवाद मला उलटा वाटतो. कच्चं मॉडेल अशा ठिकाणी अडखळायचं. रकाना रिकामा ठेवायचं, भलतंच काही भरायचं, आणि चूक दिसायची. पक्कं मॉडेल मोकळी जागा इतक्या समजूतदारपणे भरतं की चूक उत्तराच्या ओघात विरघळून जाते. तर्कशक्ती जितकी वाढेल तितकी अपुऱ्या माहितीवरून काढलेली उत्तरं जास्त पटण्यासारखी होतील. कोथिंबिरीच्या उत्तरात आकडेमोडीची पायरीन् पायरी दिली होती. वाचून मलाच पहिल्यांदा ते बरोबर वाटलं होतं.

त्या टूलचं वर्णन मी नंतर पुन्हा लिहिलं. ते इथे पूर्ण देते, कारण ‘सविस्तर लिहा’ असं नुसतं सांगून कुणाला काही कळत नाही:

‘महाराष्ट्रातील एका बाजार समितीतला, एका शेतमालाचा, एका दिवसाचा घाऊक दर देतं. किरकोळ दर देत नाही. तो विचारला असेल तर हे टूल वापरू नये. उत्तरात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर येतात. विचारणारा नुसता “भाव” म्हणाला तर सर्वसाधारण दर सांगावा आणि सोबत किमान-कमाल द्यावेत. दर कशावर आहे ते “परिमाण” या रकान्यात असतं: क्विंटल म्हणजे १०० किलो, शेकडा म्हणजे १०० जुड्या. जुडीचं वजन ठरलेलं नसतं, म्हणून शेकड्याच्या दरावरून किलोचा दर काढू नये. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं द्यावी. रिकामी यादी आली तर त्या दिवशी त्या मालाची नोंद नाही एवढाच तिचा अर्थ. भाव पडला किंवा बाजार बंद होता असं तिच्यावरून सांगू नये. बाजार समिती नावानं न देता क्रमांकानं द्यावी आणि तो क्रमांक “बाजार समिती शोधा” या टूलकडून घ्यावा, कारण एकाच नावाची ठिकाणं एकाहून अधिक जिल्ह्यांत आहेत.’

यात अलंकार नाही, हुशारी नाही. बाजार समितीत पहिल्या दिवशी रुजू झालेल्या माणसाला जुना लिपिक जे चहाच्या वेळी सांगेल ते यात आहे. आणि हे लिहिताना एक गोष्ट घडली, जी मला या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘दर कशावर आहे ते अमुक रकान्यात असतं’ हे वाक्य लिहायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की तसा रकाना टूलच्या उत्तरात नाहीच. मूळ नोंदीत परिमाण होतं. मीच ते ‘अनावश्यक’ म्हणून गाळलं होतं. कोड दहा वेळा वाचून न दिसलेली चूक एक साधं वाक्य लिहिताना समोर आली.

विरोधकांचा दुसरा मुद्दा इथे येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. ते म्हणतात, मग वर्णन कशाला, टूलच दुरुस्त करा. चांगल्या टूलला वर्णन लागू नये. पुरावा म्हणून ते अँथ्रॉपिकच्याच अभियंत्यांनी डिसेंबर २०२४मध्ये सांगितलेला अनुभव पुढे करतात. सॉफ्टवेअरमधले दोष दुरुस्त करणारा एजंट बांधताना मॉडेल फाइलचा अपुरा पत्ता द्यायचं. मूळ फोल्डरमधून बाहेर पडल्यावर तो पत्ता चुकायचा. त्यांनी टूल असं बदललं की पूर्ण पत्ता दिल्याशिवाय ते चालणारच नाही, आणि चूक थांबली. हे खरं आहे, आणि मला मान्यही आहे. जपानी कारखान्यांत शिगेओ शिंगो यांनी रुजवलेला ‘पोका-योके’, म्हणजे चूक करताच येऊ नये अशी रचना, हा विचार टूललाही लागू पडतो. पण त्याच अभियंत्यांनी त्याच लेखात असंही नोंदवलं आहे की त्या एजंटच्या एकूण सूचनांपेक्षा टूलवर त्यांचा जास्त वेळ गेला, आणि त्या वेळेत टूलची व्याख्या आणि तिची भाषा दोन्ही येतात. सप्टेंबर २०२५मध्ये अँथ्रॉपिकने दुसरा अनुभव सांगितला: क्लॉड या त्यांच्या मॉडेलला वेबवर शोध घेण्याचं टूल दिलं, तर ते शोधात विनाकारण ‘२०२५’ जोडू लागलं आणि उत्तरं बिघडू लागली. तिथे वर्णन सुधारून मॉडेलला वळणावर आणलं. कुठे टूल बदलायचं आणि कुठे भाषा, हे वर्णन लिहायला बसल्याशिवाय कळत नाही. ज्या टूलचं वर्णन तीन ‘पण जर’ घातल्याखेरीज पुरं होत नाही, ते टूल फोडून दोन करायला हवं. हा निर्णयसुद्धा तुम्ही ते तीन ‘पण जर’ लिहिलेत तरच घ्याल.

प्रिन्स्टनच्या संशोधकांचं २०२४मधलं ‘एसडब्ल्यूई-एजंट’ हे काम याच संदर्भात पाहावं. त्यांनी मॉडेल तेच ठेवलं आणि त्याच्या हातातली साधनं बदलली: साध्या लिनक्स शेलऐवजी मोजक्या, मॉडेलला समजतील अशा आज्ञा, त्यांची स्पष्ट माहिती, आणि चूक झाली तर काय चुकलं हे सांगणारी उत्तरं. नुसत्या शेलपेक्षा या रचनेत मॉडेलनं जास्त दोष दुरुस्त केले. मॉडेलच्या बुद्धीत तसूभरही वाढ झाली नव्हती.

तिसरा मुद्दा: माहिती आहेच की, एपीआयच्या, म्हणजे प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायच्या रीतीच्या, कागदपत्रांत, तिथून आपोआप उचलून वर्णन तयार करणारी साधनं आहेत. ही कागदपत्रं कुणासाठी लिहिलेली असतात? प्रोग्रामरसाठी. तो ती एकदा वाचतो, दोनदा आज्ञा चालवून पाहतो, काय परत येतं ते डोळ्यांनी बघतो, न कळल्यास फोन करतो आणि मग जे शिकला ते आपल्या कोडमध्ये कायमचं गोठवून ठेवतो. एजंट दर वेळी पहिल्यांदाच त्या दाराशी उभा असतो. कालच्या चुकीची आठवण त्याला बहुधा नसते. आणि त्या कागदपत्रांत सहसा एक गोष्ट कधीच नसते: हे केव्हा वापरू नये. प्रोग्रामरला ते सांगावं लागत नाही, कारण काय वापरायचं ते त्यानं आधीच ठरवलेलं असतं. एजंटला मात्र वीस टूलमधून एक निवडायचं असतं. ‘तक्रार बंद करतं’ आणि ‘तक्रार मागे घेतं’ अशी दोन टूल शेजारी शेजारी असतील, तर ‘मला ही तक्रार आता नको’ म्हणणाऱ्या बाईंची तक्रार ‘समाधानकारक निवारण’ या शिक्क्यानिशी बंद होते आणि कार्यालयाच्या अहवालात एक यश जमा होतं. दोन्ही टूलच्या वर्णनात एकमेकांतला फरक लिहिलेला असेल तरच हे टळतं.

मॉडेलकडूनच वर्णन लिहून घ्या, असंही काही जण सुचवतात. घ्या. भाषा सफाईदार मिळेल. पण कोथिंबीर शेकड्यावर विकते हे त्या फंक्शनच्या कोडमध्ये नव्हतं, मग ते वर्णनात कुठून येणार? मॉडेलचा उपयोग वेगळ्या ठिकाणी मोठा आहे: खऱ्या माणसांनी विचारलेले चाळीस-पन्नास प्रश्न त्याला द्या, ते कुठे चुकीचं टूल उचलतं, कुठे रकान्यात भलतं भरतं ते वाचा, आणि त्या जागी वर्णनात काय राहून गेलं ते शोधा. हे वाचन कंटाळवाणं आहे. ते करणाऱ्यालाच टूल कळतं.

आणि ‘खऱ्या माणसांनी विचारलेले’ यावर मी अडून बसेन. आपल्याकडे टूलची वर्णनं बहुधा इंग्रजीत लिहिली जातात, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मॉडेल दोन्ही भाषा जोडून घेतं. तक्रार आहे ती विचारणाऱ्याचा शब्द वर्णनात नसण्याबद्दल. शेतकरी ‘भाव’ म्हणतो, तुमच्या रकान्याचं नाव ‘मोडल प्राइस’, म्हणजे सर्वसाधारण दर. तो ‘सर्व्हे नंबर’ म्हणतो, कारण आजोबांपासून घरात तेच चालत आलं आहे. तुमचं टूल गट क्रमांक मागतं. जमिनींच्या एकत्रीकरणानंतर जिथे गट पडले तिथे हे दोन क्रमांक वेगळे असतात, आणि जुना सर्व्हे नंबर गट म्हणून दिला तर सातबारा येऊही शकतो, फक्त तो दुसऱ्याच्या जमिनीचा असतो. तो गुंठ्यात विचारतो, सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. ‘क्षेत्र’ रकान्यातलं ०.४० हे एजंटनं एकर समजलं तर १६ गुंठे होतात. ते हेक्टर आहे हे कळलं तर जवळपास एक एकर. वाटणीच्या वादात सापडलेल्या घरात अशा उत्तरानं काय होईल, याचा विचार करा. माणसाचा शब्द आणि यंत्रणेचा शब्द यांची गाठ कुठेतरी घालावीच लागते, आणि ती घालण्याची जागा वर्णन हीच आहे. ती गाठ घालायला तुम्हाला भूमी अभिलेखातला, बाजार समितीतला, तलाठी कार्यालयातला माणूस लागतो. एका ओळीच्या वर्णनात त्याला बोलायला जागाच नाही.

टोकनचा, म्हणजे मॉडेलपुढे जाणाऱ्या मजकुराच्या तुकड्यांचा, हिशेब मी टाळत नाही. प्रत्येक टूलचं वर्णन प्रत्येक संभाषणात मॉडेलपुढे जातं, त्याचे पैसे पडतात, आणि शंभर टूलची लांब वर्णनं भरली तर कॉन्टेक्स्ट, म्हणजे मॉडेलपुढचा एकूण मजकूर, फुगतो, मॉडेल गोंधळतंही. हे सगळं खरं. पण त्यावरचा उपाय शंभर टूल ठेवून प्रत्येकाला अर्धपोटी ठेवणं हा आहे का? साठ टूल कुणीच वापरत नाही, ती काढा. एकाच कामाची चार रूपं असतील तर एक करा. गरज पडेल तेव्हाच टूल शोधून आणण्याची सोय आता उपलब्ध आहे. तीही नाव आणि वर्णनाच्या शब्दांवरून शोधते, त्यामुळे तिथे मुकं वर्णन असलेलं टूल सापडणं कठीण. कोथिंबिरीच्या उत्तरात वाचवलेल्या शंभर-सव्वाशे शब्दांची किंमत काही पैशांचीच होती. त्या उत्तरातली तफावत २,७०० रुपयांची होती.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही माझं पटत नाही. एकदा फटका बसला की हे लोक वर्णनात आरडाओरड सुरू करतात: नेहमी हेच वापर, कुठल्याही परिस्थितीत हे विसरू नकोस, अत्यंत महत्त्वाचं. मग मॉडेल ते टूल गरज नसतानाही चालवत सुटतं, आणि सगळीच टूल ओरडू लागली की कुणाचंच ऐकू येत नाही. शेकडा म्हणजे शंभर जुड्या, हे शांतपणे सांगितलं तरी समजतं.

सुरक्षेचा मुद्दा मात्र गंभीर आहे. एप्रिल २०२५मध्ये इन्व्हेरियंट लॅब्सच्या संशोधकांनी दाखवून दिलं की दोन आकड्यांची बेरीज करणाऱ्या साध्या टूलच्या वर्णनात लपवलेल्या सूचना घालता येतात, आणि एजंट त्या पाळून वापरणाऱ्याच्या संगणकावरच्या गुप्त किल्ल्या वाचून बाहेर पाठवू शकतो. यावरून काही जण म्हणतात, बघा, लांब वर्णन म्हणजे धोका. पण विष एका ओळीतही मावतं. तो हल्ला चालला कारण वापरणाऱ्याला वर्णनाचं छोटं रूप दिसत होतं आणि मॉडेल पूर्ण मजकूर वाचत होतं. म्हणजे कुणीही माणूस ते वर्णन वाचत नव्हता. एमसीपीच्या नियमांतही, भरवशाच्या नसलेल्या सर्व्हरनं टूलच्या वागण्याबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह मानू नये, असं बजावलं आहे. वर्णनाला किरकोळ समजण्याची सवय असलेली टीम दुसऱ्याचं वर्णनही किरकोळच समजणार. स्वतः नीट लिहिणाऱ्याला परकं वर्णन वाचताना खडा लागतो: बेरजेच्या टूलला फाइल वाचायची गरज का पडावी?

हे काम नवं आहे, असा समज करून घेऊन आपण जुन्या चांगल्या सवयी सोडून दिल्या, असं मला वाटतं. नोव्हेंबर १९७१मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली पुस्तिका काढली. प्रत्येक आज्ञेची नोंद वेगळ्या पानावर. त्यात नाव, वापरायची रीत, वर्णन, आणि शेवटी ‘बग्ज’ नावाचा भाग: ही आज्ञा कुठे नीट चालत नाही ते. त्याखाली ‘ओनर’: हे कुणाचं आहे ते. उणिवा लपवल्या नाहीत, आणि आज्ञेला नाव जोडलेलं होतं. ती पानं वाचणारेही बुद्धिमान होते, बाजूच्याच खोलीत बसत होते. तरीही त्यांना नावावरून कळेल असं थॉम्पसन आणि रिची यांनी धरलं नाही.

ज्या सहकाऱ्यांच्या वाक्यावरून हा लेख सुरू झाला त्यांना माझी विनंती आहे. टूल तपासायला तुमच्याकडे येईल तेव्हा कोडच्या आधी वर्णन वाचा, आणि एका ओळीचं असेल तर ते परत पाठवा. कुठे वापरू नये, एकक काय, रिकामं उत्तर आलं तर त्याचा अर्थ काय, हे विचारा. वर्णनाखाली लिहिणाऱ्याचं नाव येऊ द्या. आणि मंजुरी देण्याआधी ते त्या कामातल्या एखाद्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा, तुमच्या टीमबाहेरच्या.

मी बाजारभावाच्या टूलचं वर्णन फोन करणाऱ्या त्या गृहस्थांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, ‘ताई, नुसतं कांदा लिहू नका. लाल कांदा आणि उन्हाळी कांदा यांचे भाव वेगळे निघतात.’ ते वाक्य त्याच संध्याकाळी वर्णनात गेलं.